हवेचं ओझं कोण उचलणार?

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या फाउंड्रीच्या फाटकाशी थोडा वेळ उभं राहिलं, तर चाकाच्या दोन जाती शेजारी शेजारी पाहायला मिळतात. फाटकाच्या आत फोर्कलिफ्ट फिरत असतो. ब्रेक ड्रम, व्हील हब, गिअरबॉक्सचं आवरण अशा कास्टिंगांनी भरलेल्या लोखंडी जाळ्या तो उचलतो आणि ट्रकच्या हौद्यात ठेवतो. त्याच्या चाकांत हवा नसते, सगळं भरीव रबर असतं. तोच माल घेऊन ट्रक फाटकाबाहेर पडतो, सांगली फाट्याशी पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागतो, आणि त्याची चाकं मात्र हवेवर चालतात. माल तोच आहे आणि रस्ताही एकमेकाला जोडलेला आहे. तरी आतल्या गाडीला हवा चालत नाही आणि बाहेरच्या गाडीचं हवेवाचून चालत नाही.

मोटारींसाठी बिनहवेचे टायर येणार, पंक्चर कायमचं संपणार, अशी बातमी गेली वीस वर्षं अधूनमधून येते. निळ्या किंवा काळ्या आऱ्यांचं, आरपार दिसणारं चाक छायाचित्रात झळकतं. पुढे काही वर्षं शांतता असते आणि मग पुन्हा नवी बातमी येते. हे चाक खोटं नाही. ते तयार झालं आहे आणि काही देशांत रोज रस्त्यावर धावतंही आहे. मग आपल्या दारातल्या मोटारीला ते अजून का लागलेलं नाही? याचं उत्तर शिरोलीच्या फाटकाच्या आत आणि बाहेर जो फरक आहे, त्यात सापडतं. टायरमधली हवा एकाच वेळी अनेक कामं करते. ती काढली, तर त्यातलं प्रत्येक काम दुसऱ्या कोणत्या तरी पदार्थावर पडतं. बिनहवेच्या टायरचे सगळे फायदे आणि सगळे तोटे या अदलाबदलीतून जन्माला येतात.

धाव, भरीव रबर आणि मग हवा

माणसाचं चाक हजारो वर्षं बिनहवेचंच होतं. आपल्याकडच्या बैलगाडीच्या चाकात मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांना पुठ्ठ्या आणि त्यावरून लोखंडी धाव. लोहार धाव तापवून चढवायचा आणि पाणी ओतायचा. थंड होताना धाव आकसायची आणि सगळं लाकूडकाम आवळून धरायची. चाक म्हणून ते मजबूत होतं, पण त्याला दबण्याची सोय नव्हती. गाडीचा सगळा भार धावेच्या चिमूटभर जागेतून जमिनीवर यायचा. मऊ जमिनीत चाक रुतायचं आणि डांबरी रस्ता झाला की तो कापला जायचा. प्रत्येक दगडाचा धक्का गाडीला, मालाला आणि बैलांच्या मानेला बसायचा.

हवा भरलेल्या चाकाचं पहिलं पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतलं. त्या काळात ना योग्य रबर स्वस्त होतं, ना वेगाची गरज होती, म्हणून कल्पना मागे पडली. बेलफास्टमध्ये पशुवैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७ मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ती पुन्हा शोधली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. थॉमसन यांचं आधीचं काम उजेडात आल्यावर ते पेटंट टिकलं नाही, पण टायर टिकला. १८९५ मध्ये मिशलँ बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार उतरवली. वाटेत पंक्चर होत राहिले, तरी मोटार हवेवर धावू शकते हे जगाने पाहिलं. जड वाहनं मात्र त्यानंतरही बराच काळ भरीव रबरावर चालत राहिली. लंडनच्या बसगाड्यांचा तो काळ १९२० च्या दशकात सरला. म्हणजे बिनहवेचं रबरी चाक मोटारयुगाने एकदा वापरून पाहिलं आहे, आणि वेग वाढल्यावर सोडलंही आहे.

आपल्या मुलखात हाच बदल उसाच्या फडातून आला. डनलॉपने १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला कारखाना काढला. हवेचे टायर आणि बेअरिंग लावलेली बैलगाडी पुढे देशभर 'डनलॉप गाडी' म्हणून ओळखली जाऊ लागली. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी ऊसवाहतुकीसाठी अशा गाड्या तोडणी मजुरांना पुरवल्या. ऊसतोडीच्या व्यवहारात आजही कारखान्याच्या टायरगाड्या ओढणाऱ्या टोळ्यांना 'टायर सेंटर' म्हणतात. टायरगाडीत लाकडी गाडीपेक्षा कितीतरी जास्त ऊस मावतो आणि ती कमी ओढीत चालते. त्या वाढलेल्या ओझ्याची किंमत बैल आणि मजूर मोजतात, हेही विसरता येत नाही. पण चाकाच्या दृष्टीने निकाल स्पष्ट होता. फडापासून कारखान्यापर्यंतच्या वाटेवर हवेने लोखंडाला हरवलं.

पोस्टकार्डाएवढ्या जागेवर

हवा नेमकं काय करते, हे एका साध्या हिशेबाने कळतं. मोटारीचं वजन १,२०० किलो धरलं तर एका चाकावर सुमारे ३०० किलो येतात. टायरमध्ये ३२ पीएसआय दाब आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. तीनशेला सव्वादोनने भागलं की उत्तर येतं सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर. टायर जमिनीवर एवढाच टेकतो, एका पोस्टकार्डाएवढ्या जागेवर. अशा चार तुकड्यांवर आख्खं कुटुंब ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असतं. गाडी भरली की टायर थोडा अधिक दबतो आणि जागा वाढते. खडीचा दगड आला की तेवढ्यापुरतं रबर आत जातं आणि दगड ओलांडला की परत येतं.

यातलं दुसरं काम जास्त सूक्ष्म आहे. रिम हवेवर 'बसलेली' असते असं आपल्याला वाटतं. हवा तर रिमला सगळ्या बाजूंनी सारखीच दाबते, मग वजन कोण पेलतं? हवेच्या दाबाने टायरच्या भिंतीतले धागे ताणलेले असतात. जमिनीला टेकलेल्या भागात भिंत बाहेर फुगते आणि तिथल्या धाग्यांची ओढ कमी होते. वरच्या भागातली ओढ तशीच राहते. त्यामुळे रिम वरच्या धाग्यांना टांगलेली असते. बैलगाडीचा तुंबा खालच्या आऱ्यावर उभा असतो, मोटारीची रिम वरून लटकलेली असते. लटकलेल्या रचनेला कमी साहित्य लागतं, म्हणूनच हवेचा टायर इतका हलका असूनही एवढा भार नेतो.

तिसरं काम म्हणजे उष्णता कमी ठेवणं. दाबलेली हवा सोडली की तिच्यात साठवलेली ऊर्जा जवळजवळ सगळी परत देते. रबर तसं करत नाही. वाकवलेल्या रबराने घेतलेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णता होऊन आतच राहतो. हवेच्या टायरमध्ये वाकणारं रबर पातळ असतं, त्यामुळे ही उष्णता आटोक्यात राहते. चौथं काम म्हणजे जुळवून घेणं. पाच माणसं आणि सामान घेऊन कोकणात उतरायचं असेल, तर दारावरच्या तक्त्याप्रमाणे दाब वाढवता येतो. एकच टायर वेगवेगळ्या भारांसाठी तयार करता येतो, आणि त्यासाठी लागणारा पदार्थ फुकट मिळतो.

हवेविना उभं राहिलेलं चाक

फोर्कलिफ्टचा भरीव टायर यातली बहुतेक कामं सोडूनच देतो. त्यात साधारणपणे तळाला कडक रबर आणि पोलादी तारा, मधे मऊ थर आणि वर झीज सोसणारा थर असतो. आपल्या वाळूजला कारखाना असलेली बाळकृष्ण इंडस्ट्रीज म्हणजे बीकेटी 'मॅगलिफ्ट' नावाने असे टायर बनवते. कारखान्याची जमीन सपाट, वेग माणसाच्या धावण्याइतका, वाट ठरलेली. फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंगच्या कडा घासताना, उडालेले लोखंडाचे तुकडे, लेथवरचा बुरादा आणि शॉट ब्लास्टिंगच्या गोळ्या सगळीकडे पसरलेल्या. अशा जागी हवेचा टायर एक पाळीही टिकणार नाही. तिथे धक्के सोसणं परवडतं, काम थांबणं परवडत नाही.

मोटारीसाठी भरीव रबर चालत नाही, म्हणून अभियंत्यांनी हवेची रचनाच दुसऱ्या पदार्थातून उभी करायचा प्रयत्न केला. मिशलँने २००५ मध्ये 'ट्वील' दाखवलं. त्यात रस्त्याला टेकणाऱ्या थराखाली एक पट्टा असतो. त्याच्या दोन न ताणणाऱ्या थरांमध्ये लवचिक साहित्य असल्याने ते थर एकमेकांच्या तुलनेत सरकू शकतात, आणि त्यामुळे पट्टा जमिनीवर हवेच्या टायरसारखा सपाट बसतो. पट्टा आणि मधला तुंबा यांना पॉलियुरेथेनचे पातळ आरे जोडतात. खालचे आरे भार आला की नुसते वाकतात, वरचे आरे ताणले जातात आणि तुंबा त्यांना लटकतो. हवेच्या टायरमधलं लटकणं इथे हवेशिवाय साधलं. पण पहिल्या ट्वीलला ताशी ८० किलोमीटरच्या पुढे कंप आणि आवाज सतावत होता. मग ते महामार्गाऐवजी बांधकामावरच्या छोट्या लोडरना लागलं. २०१४ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या पीडमाँट इथे त्याच्यासाठी कारखाना सुरू झाला. तिथे ते चालतं, कारण तिथे वेग कमी आहे आणि पायाखाली खिळे आहेत.

मोटारीसाठीचा पुढचा मोठा प्रयत्न २०१९ मध्ये झाला. मिशलँ आणि जनरल मोटर्स यांनी माँट्रियलमध्ये 'अप्टिस' हे चाक जाहीर केलं. त्याचे आरे काचतंतू आणि राळ यांच्या पातळ पट्ट्यांचे, रबरात बसवलेले. २०२४ पर्यंत मोटारीवर आणायचं उद्दिष्ट होतं. २०२१ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात हे चाक लावलेली इलेक्ट्रिक मिनी लोकांनी चालवून पाहिली. २०२३ मध्ये सिंगापुरात डीएचएलच्या पार्सल व्हॅनना ती चाकं बसवायला सुरुवात झाली. नंतर उत्तर फ्रान्समध्ये ला पोस्ट या टपालसेवेच्या सुमारे ४० गाड्यांना ती लागली. २०२४ उलटून गेलं, पण घरगुती मोटारीसाठी ते चाक दुकानात विकायला आलं नाही.

जपानच्या ब्रिजस्टोनने २०११ च्या टोकियो मोटार प्रदर्शनात आपलं 'एअर फ्री' चाक दाखवलं आणि २०२३ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आणली. त्याचे आरे पुन्हा वितळवून वापरता येतील अशा प्लास्टिकचे आहेत. शिगा प्रांतातल्या हिगाशिओमी शहराच्या हद्दीत वृद्धांना ने-आण करणाऱ्या, ताशी २० किलोमीटरच्या आत चालणाऱ्या छोट्या गाड्यांवर त्याची चाचणी झाली. गुडइयरने २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये स्वयंचलित छोट्या बसवर आपलं चाक लावलं. चंद्रावरची गोष्ट तर याहून जुनी आहे. १९७१ मध्ये अपोलो-१५ ने नेलेल्या गाडीला तारांच्या जाळीची चाकं होती, कारण निर्वात पोकळीत आणि टोकाच्या तापमानात हवेचा टायर नको होता. तिचा वेगही सायकलच्या वेगाएवढाच होता.

ही यादी एकत्र ठेवली की त्यातला समान धागा दिसतो. लोडर, पार्सल व्हॅन, टपालगाडी, गावातली संथ बस, चंद्रावरची गाडी: यातल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वेग मर्यादित आहे, वाट ठरलेली आहे आणि गाडीची देखभाल एकाच मालकाच्या हातात आहे. म्हणजे तिथली परिस्थिती शिरोलीच्या फाटकाच्या आतल्यासारखी आहे.

फायद्याची बाजू

फायद्यांमध्ये सर्वांत मोठा आहे सुरक्षिततेचा. मोटारीचा टायर फुटतो तो बहुतेकदा अचानक आलेल्या दुर्दैवाने नाही, तर आठवडे-महिने चाललेल्या दुर्लक्षाने. हवा दर महिन्याला थोडी थोडी कमी होत असते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्याची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतली उष्णता वाढते, थर सुटू लागतात, आणि एका वेगवान दुपारी तो फुटतो. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यावर आपल्या राज्यात टायरची स्थिती हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला, आणि घासलेल्या टायरच्या गाड्या महामार्गावर जाण्याआधी अडवून तपासल्या जाऊ लागल्या. बिनहवेच्या चाकात फुटण्यासारखं काही नाही. एखादा आरा तुटला तरी बाकीचे गाडी सावरून धरतात. एका कुटुंबाचा जीव वाचला तरी या चाकामागची मेहनत सार्थकी लागेल, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा फायदा खड्ड्यांचा. हवेचा टायर खड्ड्याच्या कडेवर आदळला की त्याची भिंत रिम आणि रस्ता यांच्यात चिरडली जाते. धागे तुटतात आणि काही दिवसांनी बाजूला फुगा येतो. तो टायर दुरुस्त होत नाही. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामात वळणरस्त्यांवरून रोज ये-जा करणाऱ्यांना हा खर्च चांगला ठाऊक आहे. आऱ्यांच्या चाकाला अशी भिंतच नसते.

तिसरा फायदा कचऱ्याचा. मिशलँच्या अंदाजानुसार जगात सुमारे २० टक्के टायर वेळेआधी भंगारात जातात. त्यातले १२ टक्के पंक्चर आणि रस्त्यावरच्या इजांमुळे, तर ८ टक्के चुकीच्या दाबाने झालेल्या वेड्यावाकड्या झिजेमुळे. हा आकडा वर्षाला २० कोटी टायरपर्यंत जातो. तो विक्रेत्या कंपनीचा आहे हे लक्षात ठेवून निम्मा धरला, तरी डोंगर मोठाच राहतो. आपल्याकडे जुलै २०२२ पासून टायर उत्पादकांवर जुन्या टायरच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकणारे नियम आले आहेत. टायर जितके जास्त दिवस टिकतील, तितका हा भार हलका होईल.

स्टेपनी, जॅक आणि पाना गेला की डिकीत जागा होते आणि गाडीचं वजन उतरतं. रात्री घाटात टायर बदलत उभं राहण्याचा धोका टळतो. भाड्याच्या आणि माल पोहोचवणाऱ्या गाड्यांसाठी तर चाक थांबलं की कमाई थांबते, म्हणून तिथे याचं मोल घरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

जे अजून सुटलेलं नाही

आता दुसरी बाजू. ताशी १०० किलोमीटरला मोटारीचं चाक सेकंदाला साधारण १४ फेरे मारतं. म्हणजे प्रत्येक आरा सेकंदाला १४ वेळा ताणला जातो, सैल होतो, वाकतो. जे काम हवा जवळजवळ न तापता करत होती, ते आता प्लास्टिक आणि रबर करतं आणि तापतं. कोल्हापूरहून पुण्यापर्यंत सलग चार तास, एप्रिल-मेच्या उन्हात, भरलेल्या गाडीने जाताना ही उष्णता साठत जाते. उष्णतेने पॉलियुरेथेन मऊ पडतं. नेहमीच्या वापरात ते ८०-९० अंश सेल्सियसच्या पुढे ठेवणं हिताचं नसतं. शहरात थांबत थांबत जाणाऱ्या व्हॅनला हा प्रश्न येत नाही. महामार्गाला येतो.

उष्णता म्हणजे वाया गेलेलं इंधन. टायर फिरवत पुढे नेण्यात मोटारीची बरीच शक्ती खर्च होते, आणि इलेक्ट्रिक गाडीत त्याचा वाटा आणखी ठळक दिसतो, कारण तिथे एका चार्जिंगवर किती अंतर जाता येतं हा खरेदीचा पहिला निकष असतो. बिनहवेच्या चाकाने तिथे थोडं जरी अंतर खाल्लं, तरी ग्राहक ते लगेच ओळखेल.

वजनाचा आणि ते कुठे वाढतं याचाही प्रश्न आहे. चाक स्प्रिंगच्या खाली असतं. तिथे वाढलेला प्रत्येक किलो खड्ड्यावरून जाताना सस्पेन्शनला जास्त मेहनत करायला लावतो. स्टेपनी काढून डिकीत वाचलेला किलो आणि चाकात वाढलेला किलो हे सारखे नसतात.

आवाज तर सरळ गणितात दिसतो. समजा चाकात ६० आरे आहेत. सेकंदाला १४ फेरे म्हणजे जमिनीपाशी सेकंदाला सुमारे ८४० आरे वाकतात. म्हणजे ८४० हर्ट्झचा सूर, अगदी माणसाच्या कानाला स्पष्ट ऐकू येणारा. आऱ्यांमधलं अंतर कमी-जास्त ठेवून, त्यांचे आकार बदलून हा सूर पसरवता येतो, आणि अभियंते त्यावर मेहनत घेतही आहेत. पण इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज नसल्यामुळे उरलेला सूर जास्त ऐकू येतो.

आपल्या भागाचा म्हणून एक प्रश्न आहे, तो परदेशातल्या चाचण्यांत फारसा दिसत नाही. पंचगंगेच्या पुराने ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक थांबली. पूर ओसरला की रस्त्यावर बोटभर गाळ उरतो. पुढे ऊस हंगामात शेतवाटांवरून ट्रॅक्टर रस्त्यावर आले की काळ्या मातीची ढेकळं पडतात. आऱ्यांच्या पोकळीत हा गाळ बसला आणि उन्हात वाळला, तर चाकाचा तोल बिघडतो. खडी अडकली तर ती आऱ्याला घासत राहते. बाजूंना झाकण लावता येतं, पण झाकणाने वजन वाढतं आणि उष्णता आत कोंडते. काळ्या मातीत आणि मुरमात दोन पावसाळे काढल्याशिवाय या चाकाला महाराष्ट्राचं चाक म्हणता येणार नाही.

भाराशी जुळवून घेण्याचं कामही सुटलेलं नाही. आऱ्यांचा कडकपणा कारखान्यात ठरतो. एकट्या चालकाला आरामदायी वाटेल असं चाक पाच माणसं आणि सामान घेतल्यावर जास्त दबेल; भरल्या गाडीसाठी बनवलेलं चाक रिकाम्या गाडीला हादरवेल. पार्सल व्हॅनचा भार रोज साधारण तेवढाच असतो, कुटुंबाच्या गाडीचा नसतो.

शेवटी दुरुस्तीची साखळी. आज महामार्गावर कुठेही पंक्चरवाला भेटतो. तो दहा मिनिटांत ट्यूबलेस टायरमध्ये पट्टी ओढून देतो. ट्रकचे टायर रिमोल्ड होऊन पुन्हा रस्त्यावर येतात. या कामावर असंख्य कुटुंबं जगतात. अप्टिससारख्या चाकात टायर आणि रिम जोडलेली असतात. वरचा थर झिजला की पूर्ण चाक कारखान्यात पाठवावं लागेल, तिथे थर बदलावा लागेल. हे होऊ शकतं, पण त्यासाठी जागोजागी केंद्रं लागतील. ती होताना पंक्चर काढणाऱ्या माणसाला त्यात जागा मिळाली पाहिजे, हा विचार तंत्रज्ञानाच्या बातमीत कुठेच नसतो.

कायद्याच्या कागदावर

भारतात मोटारीच्या टायरची गुणवत्ता २००९ च्या आदेशाने बंधनकारक केली, आणि त्या आदेशाच्या नावातच 'हवा भरलेले टायर आणि ट्यूब' असं म्हटलं आहे. मोटारीच्या टायरसाठीचं भारतीय मानक आयएस १५६३३ देखील हवेच्या टायरसाठी आहे. २०२२ मध्ये टायर फिरताना होणारा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या मर्यादा ठरवणारी अधिसूचना आली, तीही अशाच टायरना समोर ठेवून. म्हणजे बिनहवेचं चाक आयात केलं तरी ते कोणत्या कसोटीला उतरवायचं, याची चौकट आधी तयार करावी लागेल.

एक दार मात्र उघडलेलं आहे. जुलै २०२० च्या नियमबदलाने ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं साहित्य असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी ठेवण्याची सक्ती उरली नाही. यात एक महत्त्वाची दिशा आहे. पंक्चरची भीती कमी करायला हवा काढून टाकणं हा एकच उपाय नाही. दाब सांगणारी यंत्रणा, आपोआप भोक बुजवणारा आतला थर, आणि पंक्चर झाल्यावरही ठरलेल्या वेगाने काही अंतर, साधारणपणे ८० किलोमीटर, नेणारे रनफ्लॅट टायर हे सगळे उपाय आजच बाजारात आहेत. बिनहवेच्या चाकाला जुन्या टायरशीच नव्हे, या सुधारलेल्या टायरशी स्पर्धा करायची आहे.

शिरोलीने काय करावं

कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगासाठी हा विषय परका नाही. उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या काळात रुजलेलं ओतकाम पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले वसाहतींत पसरलं, आणि आज मोटारउद्योगाला कास्टिंग पुरवणारा हा देशातला एक महत्त्वाचा पट्टा आहे. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे सिलिंडर ब्लॉक आणि इंजिनाच्या इतर भागांची मागणी बदलेल, ही काळजी इथे उघड बोलली जाते. पण गाडी डिझेलवर चालो की बॅटरीवर, चाक आणि त्याचा हब राहणारच. बिनहवेच्या चाकात तर मधल्या धातूच्या भागावर नवीन जबाबदारी येते. आरे त्याला चिकटवलेले असतात, त्यामुळे त्याचा आकार, पृष्ठभाग आणि उष्णता बाहेर नेण्याची क्षमता यांवर चाकाचं आयुष्य ठरतं. आऱ्यांचं प्लास्टिक ज्या साच्यात ओततात ते साचे अचूक यंत्रकाम मागतात. साचा करणं आणि ओतणं हा तर कोल्हापूरचा पिढीजात हातखंडा आहे.

सुरुवात मोटारीपासून करू नये. कारखान्यातल्या बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॉल्या आणि मालवाहू छोट्या गाड्या आधी घ्याव्यात. भरीव टायरच्या धक्क्याने चालकाची पाठ दुखते आणि कास्टिंगला ओरखडे येतात. आऱ्यांच्या चाकाने हे दोन्ही कमी होऊ शकतं. फाउंड्रीची गरम जमीन, वाळू आणि लोखंडी तुकडे ही त्या चाकाची सर्वांत कडक परीक्षा असेल, आणि ती घरच्या आवारात घेता येईल. गोकुळ शिरगावची केआयटी ही अभियांत्रिकी शिक्षणसंस्था, शिरोलीच्या उद्योजकांची 'स्मॅक' संघटना, भारतीय फाउंड्रीमन संस्थेची कोल्हापूर शाखा आणि १९६६ पासून वाहनचाचणी करणारी पुण्याची एआरएआय एकत्र आल्या, तर आपल्या रस्त्यांवरचे स्वतःचे आकडे तयार होतील. पुढची पायरी शहरात माल पोहोचवणाऱ्या तीनचाकी आणि छोट्या चारचाकी इलेक्ट्रिक गाड्यांची. मोटार त्यानंतर.

तोपर्यंत आपल्या हातात

तोपर्यंत हवेचा टायर नीट वापरणं हे आपलं काम आहे. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, दाब तपासावा आणि दारावरच्या तक्त्याप्रमाणे ठेवावा. उन्हाळ्यात टायर तापतो म्हणून मुद्दाम दाब कमी ठेवणं ही घातक समजूत आहे. कमी दाबाने तो अधिकच तापतो. नायट्रोजन भरला म्हणून तपासणी टळत नाही, साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत आली की टायर बदलावा. भिंतीवरच्या चार आकडी खुणेत पहिले दोन आकडे उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नवा टायर घेताना ते वाचावेत. स्टेपनीची हवाही विसरू नये.

बिनहवेची चाकं आपल्याकडे येतील, यात मला शंका नाही. ती आधी कारखान्यांत येतील, मग शहरातल्या मालगाड्यांना, मग ठरलेल्या मार्गावरच्या संथ बसना. कुटुंबाच्या मोटारीला ती सर्वांत शेवटी लागतील, आणि तसंच व्हायला हवं, कारण सर्वांत अवघड काम त्या गाडीचं आहे. ती जेव्हा विकायला येतील, तेव्हा ग्राहकाने पंक्चर होत नाही एवढ्या वाक्यावर खूश होऊ नये. मे महिन्यात, भरल्या गाडीने, महामार्गाच्या वेगाने सलग चार तास चालल्यावर चाक किती तापलं, ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला किती मीटर लागले, एका चार्जिंगचं अंतर किती घटलं, चिखलात दोन पावसाळे काढल्यावर आऱ्यांची अवस्था काय झाली, आणि दर किलोमीटरला खर्च किती पडला, हे पाच आकडे त्याने मागावेत. विक्रेत्या कंपनीखेरीज दुसऱ्या कोणीतरी ते आपल्याच रस्त्यावर मोजलेले असावेत. हवेने सव्वाशे वर्षांहून जुनी ही नोकरी फुकटात केली आहे. तिच्या जागी येणाऱ्याने आपला पगार आणि आपलं काम दोन्ही उघड सांगावं, एवढी अट आपण घालायलाच हवी.